यात्रा, उपवास आणि आहार

आषाढी एकादशीस पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपुराच्याही पुढे जाते व भाविकांस कित्येक तास रांगेत काढावे लागतात. त्यांपैकी कोणी आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चालून आलेला असतो, तर कोणी रात्रभर एस.टी.त बसून. त्यातच त्या दिवशी उपवास. घरी देवघरापाशी बसून केलेला उपवास आणि रांगेत उभे राहून केलेला उपवास या शरीराच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी होत. ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही, आणि यात्रेतील पुष्कळशी दुखणी येथूनच सुरू होतात.

काही वर्षांपूर्वी वारीतील एका प्रथमोपचार केंद्रात सेवा करीत असता साठीच्या एका गृहस्थांस त्यांच्या सोबत्यांनी धरून आणले. अंग घामाने निथळत होते, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध झाले होते. उन्हामुळे भोवळ आली असावी, असा सोबत्यांचा समज होता. चौकशीअंती कळले की, गृहस्थांस मधुमेह होता. औषधात खंड नको म्हणून सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती आणि एकादशी म्हणून पोटात पाण्याखेरीज काही घातले नव्हते. रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिल्यावर पाव तासाने ते नीट बोलू लागले. सावध झाल्यावर त्यांनी प्रथम विचारले ते प्रकृतीविषयी नव्हे, तर “माझे व्रत मोडले का?” असे.

या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांच्या सेवनाने व्रतभंग होत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. बालक, वृद्ध व रुग्ण यांस तर उपवासातून मोकळीकच आहे. मग औषधाच्या बरोबरीने जे अन्न घेणे आवश्यक आहे, त्यास आडकाठी कशी असेल? म्हणून मधुमेही भाविकांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, यात्रेस निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांस भेटावे आणि उपवासाच्या दिवशी कोणते औषध किती घ्यावे, हे विचारून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे जितके चूक, तितकेच उपाशीपोटी ती घेणेही चूक. रांगेत उभे राहताना साखरेची पुडी वा खडीसाखर कनवटीस असावी. घाम, थरथर, छातीत धडधड वा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास ती तत्काळ खावी व सोबत्यास सांगावे. मात्र मनुष्य बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्यास कुशीवर वळवून तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

आता उपवासाच्या पदार्थांविषयी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची यांवाचून आपली एकादशी होत नाही. गंमत अशी की, बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्यापासून साबुदाणा करतात तो टॅपिओकाचा कंद, हे चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी आपल्याकडे ते कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा हे पदार्थ म्हणजे सनातन उपवास, असे मानण्याचे कारण नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात प्रथिने नावापुरतीच. तुपातली खिचडी भरपेट खाल्ल्याने सुस्ती येते, आम्लपित्त उसळते आणि मधुमेह्याची साखर एकदम चढते. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी वा लाह्या दुधाबरोबर, केळी, खजूर, उकडलेले रताळे, ताक असा आहार थोडा थोडा, तीन-चार वेळा घ्यावा. खिचडीच खावयाची तर वाटीभर, ताजी व दही घालून खावी.

भगरीविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. भगर पचावयास हलकी खरी, परंतु दमट हवेत तिच्यावर, त्यातही तिच्या पिठावर, बुरशी लवकर धरते. या बुरशीपासून निर्माण होणारी विषद्रव्ये शिजवल्याने नाहीशी होतीलच असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यानंतर शेकडो भाविक आजारी पडले. रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने उघड्यावरच दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या होत्या. यास्तव सुटी भगर व तयार पीठ घेऊ नये. पाकीटबंद भगर मुदत पाहून घ्यावी, निवडून, धुऊन शिजवावी आणि पीठ हवेच असल्यास लागेल तेवढेच घरी दळावे. अन्नदान करणाऱ्या मंडळींनी तर हे कटाक्षाने पाळावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच ठेवून पंगतीस वाढू नये. पहाटे शिजवलेली भगर दुपारी वाढण्याची रीत सोयीची असली, तरी घातक आहे.

उपवास नसलेल्या दिवशी जुन्या माणसांची शिदोरी आजही उत्तम ठरते. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, धपाटे, भाकरी व कोरडी चटणी, सातूचे पीठ, भाजलेले चणे व गूळ यांत पाण्याचा अंश कमी असल्याने ते वाटेत लवकर बिघडत नाहीत. उघड्यावरची कापलेली फळे, रंगीत सरबते, बर्फाचे गोळे यांपासून दूर राहावे. बर्फ बहुधा पिण्याच्या पाण्याचा नसतो. पाणी उकळलेले अथवा क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्ध्या तासाने प्यावे. लघवीस जावे लागेल या धास्तीने भगिनी रांगेत पाणीच घेत नाहीत, हे नित्य दिसते. त्यातूनच चक्कर येते व मूत्रमार्गाचे विकार जडतात. थोडे थोडे पाणी घेत राहावे.

जुलाब सुरू झाल्यास एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो, म्हणून हे अंदाजाने करू नये. शौचातून रक्त पडत असल्यास, ताप असल्यास वा मूल निपचित पडल्यास घरगुती उपायांवर वेळ न घालविता दवाखाना गाठावा.

द्वादशीच्या पारण्यास पुरणपोळी व तळणाचे ताट समोर येते. एक दिवस विश्रांती घेतलेल्या जठरावर तो भार एकदम टाकू नये. प्रथम वरण-भात, लिंबू व थोडे तूप घ्यावे. पुरणपोळी दुपारी, अर्धी.