कळंब्यातून निघताना: पुस्तकं, कॅसेट आणि सिनेमे

कोल्हापुरातल्या कळंबा, आर. के. नगर, साने गुरुजी वसाहत या बाजूनं बाहेर पडून अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्समध्ये आता स्थिरावलेली आम्ही काही कुटुंबं. नवीन येणारे आम्हाला व्हिसा आणि भाड्याच्या घराबद्दल विचारतात, आणि मग हळूच विचारतात, ‘घरातल्या पुस्तकांचं काय करू?’ हे त्याचं उत्तर.

आमच्यातल्या बहुतेकांनी चूक एकच केली. ‘पुढच्या फेरीला बघू’ म्हणून सगळं एका खोलीत भरलं, कुलूप लावलं आणि चावी आईकडे दिली. कोल्हापूरचा पाऊस आणि वाळवी पुढच्या फेरीपर्यंत थांबत नाहीत. एका घरी चार वर्षांनी कपाट उघडलं तर मागच्या फळीला वाळवीच्या मातीच्या रेघा होत्या आणि पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती. आणि सत्तरी ओलांडलेली आई दर दिवाळीला ती खोली झाडत होती. म्हणून मागे तेवढंच ठेवा, जे घरात राहणारं माणूस स्वतः वाचेल किंवा ऐकेल. बाकीचं जाण्याआधीच हलवा.

विमानात बहुतेक वेळा एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते. त्यातले पाच-सहा किलो पुस्तकांना द्या. मुलांची मराठी गोष्टींची पुस्तकं, एक चांगला शब्दकोश आणि जी पुन्हा पुन्हा काढून वाचता अशी मोजकी. इंग्रजी पुस्तक एकही आणू नका, ते इथे वाचनालयात मिळतं.

उरलेली पुस्तकं रद्दीवाल्याच्या काट्यावर घालण्याआधी थोडी चौकशी करा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे. अशा जुन्या वाचनालयात तुमच्याकडची अर्धी पुस्तकं आधीच असतील. खरी गरज तालुक्यातल्या लहान वाचनालयांना असते. राज्यात सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यातल्या ‘ड’ वर्गाकडे बघा. पोतं नेऊन टाकू नका, आधी यादी पाठवा आणि त्यांना हवं ते निवडू द्या. कळंबा कारागृहाला द्यायची इच्छा असेल तर आधी तिथल्या प्रशासनाला विचारा. लांबच्या गावी पाठवायची असतील तर टपाल खात्याची 1 मे 2025 पासून सुरू झालेली ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. कर सोडून तिचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून पाच किलोपर्यंत 100 रुपये असा ठेवलेला होता.

कॅसेटींचं मात्र घाईनं काही करू नका. विकतच्या गाण्यांच्या कॅसेट खुशाल काढून टाका, ती गाणी आज मोबाईलवर आहेत. पण प्रत्येक कोल्हापुरी घरात दोन-चार कॅसेट अशा असतात की ज्यांची दुसरी प्रत जगात कुठे नाही: आजोबांचं भजन, बारशाचा पाळणा, सौदीहून मामानं पत्राऐवजी बोलून पाठवलेला निरोप. चालू टेपरेकॉर्डर मिळवा, त्याच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकला वायर जोडा आणि ऑडॅसिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर भरून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात. शेजारी आई-वडलांना बसवा, कारण मधेच खोकणारा माणूस कोण हे त्यांनाच ओळखू येतं. नावं तिथल्या तिथे लिहा. आमच्यातल्या एकींनी हे काम वडील गेल्यावर केलं. आवाज मिळाले, नावं नाही मिळाली.

डीव्हीडीचा गठ्ठा आणू नका. भारतातली विभाग 5 ची डीव्हीडी अमेरिकेतल्या विभाग 1 च्या प्लेअरवर बहुधा चालत नाही, आणि नव्या लॅपटॉपला तर डिस्कची खाचच नसते.

आता इकडचं. पहिल्या आठवड्यात भाडेकराराची प्रत घेऊन सार्वजनिक वाचनालयात जा. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्येच सार्वजनिक वाचनालयांचा कायदा केला होता, मद्रासच्याही आधी. त्या गावची माणसं इथे महिनोन् महिने वाचनालयाची पायरी चढत नाहीत याचं आम्हाला वाईट वाटतं. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये स्थानिक रहिवाशाला कार्ड सहसा मोफत असतं. जर्मनी-नेदरलँड्समध्ये मोठ्यांना बहुतेक ठिकाणी वर्गणी आहे, पण एका नव्या पुस्तकाच्या किमतीपुढे ती जड नाही. अमेरिकेत अनेक वाचनालयांच्या कार्डावर लिबी ॲपमधून ई-पुस्तकं वाचता येतात आणि कॅनोपीवर सिनेमेही बघता येतात.

मराठी पुस्तक हवं असेल तर ‘दुसऱ्या वाचनालयातून मागवून द्या’ असं तिथल्या माणसाला सांगा. अमेरिकेत ते मिळण्यामागे मोठी गोष्ट आहे. पीएल-480 कराराखाली भारतानं अमेरिकेचा गहू घेतला, त्याचे पैसे रुपयांत साठले, आणि 1962 पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली गेली. आपले आजी-आजोबा रेशनच्या रांगेत उभे राहिले, त्या धान्याच्या पैशांतली मराठी पुस्तकं आज शिकागोसारख्या विद्यापीठांत आहेत. ती हक्कानं मागवा.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या दुबई, नेदरलँड्स, जपानपर्यंत गेल्या. पेटीत 25 पुस्तकं, ती वाचून संपली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. तुमच्या गावात पेटी नसेल तरी चार घरांची पुस्तकं एकत्र करून हेच करता येतं. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पुस्तकांची पिशवी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, खर्च शून्य. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळांवरही बरीच पुस्तकं मोफत आहेत.

सिनेमासाठी चार-पाच ठिकाणच्या वर्गण्या एकदम भरू नका. एका महिन्याला एक घ्या, संपली की बंद करा. जर्मनीत असाल तर टोरंटवरून काहीही उतरवू नका. वकिलाची नोटीस घरी येते आणि काही शे युरो जातात. आमच्यातल्या एका नवीन मुलाचा पहिल्या पगाराचा मोठा भाग असाच गेला. त्यापेक्षा शनिवारी एका घरी जमा आणि प्रभातचे जुने बोलपट लावा. ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये आपल्या कोल्हापुरात तयार झाला, हे इथल्या मुलांना पडद्यासमोर बसवून सांगितलं की ती नीट ऐकतात.

बॅगेत शेवटी थोडी जागा उरली तर यंदाचे दोन दिवाळी अंक घाला. ते आमच्याकडे अजून पोहोचलेले नाहीत.