आठवणींची गोधडी : कात्री लावण्याआधी

मैत्रिणींनो, गोधडी शिवायला आपल्याला कुणी शिकवायला नको. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं बाळाला दुपटं करायचं, जुन्या धोतरांचे थर घालून वाकळ शिवायची, हे आपण बघत बघतच शिकलो. पण आता घराघरात लुगडी कमी आणि टी-शर्ट जास्त. कबड्डी संघाचा, गणेश मंडळाचा, शाळेच्या सहलीचा, असे दहा-बारा टी-शर्ट कपाटात पडून असतात. घालता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांची गोधडी करून द्याल का, असं कुणी विचारलं तर गटाने हे काम जरूर घ्यावं.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. नेहमीच्या गोधडीत कापड वाकडं कापलं गेलं तर दुसरं घेता येतं. इथे दुसरं नसतं. म्हणून या पाठात शिवणीपेक्षा कापण्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

कपडे ताब्यात घेताना

प्रत्येक कपडा वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा आणि नंबराची चिठ्ठी सेफ्टी पिनने लावा. दोन गिऱ्हाइकांचे कपडे एका पिशवीत कधीच ठेवू नका.

मग विचारा, कपडे कुणाचे? शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाचे असतील तर गोष्ट सोपी आहे. गेलेल्या माणसाचे असतील तर जपून. एरवी आपण जुना कपडा हातात आला की आधी धुवायला टाकतो. पण त्या कपड्याला त्या माणसाचा वास असतो आणि कधी कधी घरच्यांना तोच हवा असतो. तुम्ही चांगल्या मनाने धुऊन टाकलात तरी तो परत आणता येणार नाही. म्हणून आधी विचारा, "ताई, धुऊ का?" त्या घुटमळल्या तर स्पष्ट सांगा की गोधडीत जाणारे कपडे धुवावेच लागतात, नाहीतर आत कसर लागते. पण एक कपडा तुम्ही तसाच घरी ठेवा.

घरातल्या बाकीच्यांना हे माहीत आहे का, तेही विचारा. आईला गोधडी हवी आणि सुनेला नवऱ्याचा शर्ट कापलेला बघवत नाही, असं होऊ शकतं. दुःख ताजं असेल तर "वर्षश्राद्ध झाल्यावर या, कपडे कुठे जात नाहीत" असं म्हणायला संकोच करू नका. एक ऑर्डर पुढे गेली तरी चालेल.

कापणं

सोयीचं माप म्हणजे 12 इंचाचा चौकोन. चारही बाजूंना अर्धा इंच शिवण धरून तुकडा 13 इंचाचा कापायचा. आडवे 4 आणि उभे 5 असे 20 तुकडे जोडले की 4 फूट बाय 5 फुटांची गोधडी होते. मोठ्या माणसाच्या टी-शर्टच्या पुढून एक आणि मागून एक तुकडा निघतो. लहान मुलांच्या कपड्यात 13 इंच बसत नाहीत, तिथे माप लहान घ्या किंवा बाजूने साध्या कापडाची पट्टी जोडा.

आधी खडूने चौकोन आखा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. तुम्हाला छापील चित्र महत्त्वाचं वाटेल, त्यांना खिसा हवा असेल. रफू केलेली जागा आपण सवयीने वगळतो, पण ती रफू त्यांच्या आईने केलेली असली तर? त्यांनी हो म्हटल्यावरच कात्री लावा. उरलेल्या चिंध्याही पिशवीत भरून परत द्या.

टी-शर्टचं कापड होजिअरीचं. ते ताणतं आणि कापलं की कडेने वळतं. म्हणून पहिल्यांदा चौकोन दोन इंच मोठा कापा, उलट्या बाजूने पातळ फ्युजिंग लावा आणि मगच नेमक्या मापात आणा. फ्युजिंग म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं. कॉलरचं कडक घेऊ नका. इस्त्री फिरवायची नाही, ठेवून दाबायची. छपाईवर इस्त्री थेट टेकली तर रबराची छपाई वितळते, म्हणून खाली सुती फडकं घाला. फ्युजिंग परवडत नसेल तर तुकड्याच्या मागे जुन्या सुती साडीचं कापड ठेवून कडेने कच्चा टाका घाला. मला विचाराल तर अंगावर घ्यायला हीच गोधडी जास्त मऊ लागते.

रंग जातो का तेही बघा. ओलं पांढरं फडकं कापडावर दाबलं की कळतं. गुलालात भिजलेला मंडळाचा टी-शर्ट तर वेगळाच धुवा.

शिवणं

तुकडे मशीनवर जोडा. होजिअरीसाठी बॉल पॉइंट सुई मिळते, तिने कापडाला भोकं पडत नाहीत. मध्ये जुन्या साडीचे एक-दोनच थर घाला, जास्त घातले तर हाताची सुई जाणार नाही. मग आपला नेहमीचा धावदोरा, कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत. छपाईच्या आरपार सुई घालू नका, तिथली भोकं भरून येत नाहीत. छपाईच्या भोवतीने टाका न्या. चौघी चार बाजूंनी बसणार असाल तर दोन ओळींत किती बोटं अंतर ठेवायचं ते आधी ठरवा.

पैसे

"कपडे तर आमचेच आहेत, मग एवढे कसले?" हे ऐकावं लागणारच. म्हणून तास वहीत लिहा. समजा आखणं, कापणं, जोडणं आणि हाताची शिवण मिळून 40 तास लागले आणि गटाने तासाला 50 रुपये धरले, तर मजुरीच 2,000 रुपये होते. फ्युजिंग, दोरा, अस्तर आणि मशीनची वीज वेगळी. ही वही गिऱ्हाइकापुढे उघडी ठेवा.

अर्धे पैसे आगाऊ घ्याच. नेहमीची गोधडी एकाने नाही घेतली तर प्रदर्शनात दुसरा घेतो. दुसऱ्याच्या मुलाच्या टी-शर्टची गोधडी कुणी घेणार नाही, आणि मोडून कपडेही परत देता येणार नाहीत.

गोधडी देताना सोबत चिठ्ठी द्या : गार पाण्यात हाताने धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी, छपाईवर इस्त्री करू नये. आणि वहीतल्या नोंदीपुढे त्यांची सही घ्या, चिंध्यांची पिशवी मिळाल्याचीसुद्धा.