सोनेरी रंग आणि कुंचल्याची निगा

दिवाळीची सुटी जवळ आली, कीं अंगणांतून माती, दगड व गोणपाट यांचे किल्ले उभे राहूं लागतात आणि कुंभारवाड्यांतून मातीचीं चित्रें घरोघर येतात. विकतच्या चित्रांचा रंग पुष्कळदां घाईनें दिलेला असतो. म्हणून हौशी मुलें तीं कोरींच आणून स्वतः रंगवितात, किंवा गतवर्षीच्या चित्रांवर नवा हात फिरवितात. ढालीवरील फुलें, तलवारीचें पातें, महाराजांच्या सिंहासनाचे सिंह हीं कामें सोनेरी व चंदेरी रंगाचीं. तीं झालीं म्हणजे चित्रास तेज चढतें. परंतु याच कामांत कुंचला वाया जातो. आणि तो वाया गेला, कीं तीन बोटें उंचीच्या मावळ्याची मिशी काढावयास घरांत दुसरें साधन उरत नाहीं.

असें कां व्हावें? याचें कारण त्या रंगाच्या घडणींत आहे. तांबडा किंवा निळा रंग म्हणजे द्रवांत कालविलेली बारीक पूड होय. सोनेरी रंगांतही पूडच असते, पण तिचे कण माशाच्या खवल्यांप्रमाणें चपटे असतात. ते पृष्ठभागावर आडवे पसरले, कीं लहान लहान आरशांसारखे प्रकाश परत फेंकतात. चकाकी ती हीच. बाजारांतील स्वस्त सोनेरी रंगांत सोनें मुळींच नसतें. तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचा, म्हणजे एका प्रकारच्या पितळेचा, तो चुरा असतो. चंदेरी रंगांत बहुधा ॲल्युमिनियम असतें. अलीकडे पाण्यांत मिसळणाऱ्या कित्येक रंगांत धातूऐवजीं अभ्रकाचे पापुद्रे घालतात व त्यांवर दुसऱ्या द्रव्याचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. द्रव्य कोणतेंही असो, कण चपटेच.

आतां कुंचल्याकडे पाहूं. त्याचे केस एकमेकांस इतके लागून असतात, कीं दिव्याची वात जसें तेल वर ओढते, तसा त्या केसांमधून रंग आपोआप वर चढतो. पदार्थविज्ञानांत आपण ज्यास केशाकर्षण म्हणतों, तें हेंच. केस ज्या पत्र्याच्या नळींत बसविलेले असतात, तिच्या तोंडापर्यंत हा रंग जातो आणि तेथें, डोळ्यांस न दिसतां, वाळतो. चपटे कण केसांच्या मुळांशीं अडकून राहतात, मुळें फुगतात, केस फांकतात. मग टोंक दुभंगतें व एका फटक्यांत मिशीच्या दोन रेघा उमटतात! शिवाय अडकलेले कण पुढें तांबड्या रंगांत उतरतात आणि मावळ्याचें पागोटें कारण नसतां चमचम करूं लागतें.

तेव्हां पहिली गोष्ट ही, कीं सोनेरी कामाचा कुंचला अगदीं वेगळा ठेवावा व ओळखीसाठीं त्याच्या दांड्यास दोरा गुंडाळावा. यासाठीं नायलॉनचा स्वस्त कुंचला पुरतो. उंची केसांचा कुंचला येथें खर्चीं घालणें मला तरी उधळपट्टी वाटते. पालकांनीं हेंही लक्षांत ठेवावें, कीं मुंगसाच्या केसांचा कुंचला कोणी देऊं केला तरी घेऊं नये. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानें मुंगसास अभय दिलें असून त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

धातूचे कण जड असल्यामुळें बाटलीच्या तळाशीं बसतात. ते ढवळावयाचे ते काडीनें, कुंचल्यानें कधींही नाहीं. काडीनेंच दोन थेंब बशींत काढून घ्यावे आणि कुंचला केसांच्या अर्ध्यापलीकडे बुडवूं नये. इतर सर्व रंग आधीं देऊन सोनेरी शेवटीं द्यावा, म्हणजे पाणी गढूळ झालें तरी बिघडत नाहीं. काम लांबलें, तर मधून मधून कुंचला धुवावा. वाळलेला रंग काढणें फार कठीण.

पाण्याचा रंग असेल तर थंड पाणी व साधा साबण पुरे. तळहातावर साबण चोळून त्यावर कुंचला हलकेच फिरवावा. उलट दाबूं नये. कढत पाणी वापरल्यास केस चिकटविलेला सरस सुटण्याची भीति असते. तेलाचा रंग आधीं टर्पेंटाइननें काढून मग साबण लावावा. मात्र टर्पेंटाइन पेट घेणारें आहे, आणि दिवाळीत पणत्या व फटाके जवळच असतात. हें काम दिवसा, उघड्या हवेंत व वडील माणसांच्या देखत करावें. कुंचला स्वच्छ झाला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो ओला असतांच काळ्या कागदावर ओढावा व कागद उन्हांत तिरपा धरावा. एक जरी ठिपका चमकला, तरी पुन्हा साबण!

टोंक बोटांनीं करावें, ओंठांनीं नव्हे. ही संवय पुष्कळांस असते. तिचा परिणाम किती भयंकर झाला, तें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज या गांवीं १९१७ पासून एका कारखान्यांत तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारांत चमकणारे आंकडे काढीत असत. बारीक रेघ यावी म्हणून कुंचला ओंठांत धरण्यास त्यांना शिकविलेलें होतें, आणि त्या रंगांत रेडियम होतें. रेडियम हाडांत जाऊन बसतें. कित्येकींचे जबडे कुजले, अनेक जणी दगावल्या. पांच जणींनीं फिर्याद केली. ती १९२८ सालीं तडजोडीनें मिटली, पण गेलेलें आरोग्य कांहीं परत आलें नाहीं. आपल्या सोनेरी रंगांत रेडियम नाहीं हें खरें. तथापि पितळेचा चुरा हा खाण्याचा पदार्थ नव्हे. तीच पूड कोरडी मिळाली, तर ती फुंकूं नये. श्वासावाटें पोटांत व छातींत जाते.

धुतलेला कुंचला आडवा ठेवून वाळवावा. केस वर करून उभा ठेवल्यास पाणी नळींत उतरतें. केस खालीं करून पेल्यांत ठेवल्यास टोंक वांकडें होतें व तें सहसा सरळ होत नाहीं. पुरता वाळल्यावर डबींत घालावा. खऱ्या केसांच्या कुंचल्यास लोकरीप्रमाणें कसर लागते, म्हणून डबींत डांबराची एक गोळी टाकावी. नायलॉनच्या वाटेस कसर जात नाहीं.