पंखा फिरतो, बॅटरी भरत नाही

गणपतीला चाकरमानी गावी आले की पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपासून बिरवाडीपर्यंत कुणी ना कुणी मला गाठतंच. "काका, स्लॅबवर पवनचक्की बसवली तर लाईटची कटकट मिटेल ना?" महाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नोकरी केली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. शिवाय आमच्याच घरावर एक चक्की काही पावसाळे फिरत होती, हे लोकांना ठाऊक आहे. तिनं काय दिलं आणि काय खाल्लं ते सांगतो. पुढे ज्यानं त्यानं आपला खिसा आणि आपला डोंगर बघावा.

प्रश्न मुळात अडाणी नाही. आमच्याकडे लाईट जाते ती पावसात. फांदी तारेवर पडते, डीपीवर जंपर उडतो, आणि वायरमनला वर पोचायचं तर वाटेत दरड आलेली असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा, रायगडभर खांब आडवे, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार. पुढच्याच वर्षी जुलैत महाड शहर पाण्याखाली गेलं, तळियेवर डोंगर आला, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. अशा वेळी एक मोबाईल चार्ज असणं, एक दिवा पेटता असणं याला चैन कोण म्हणेल? सौर पॅनेल नेमकं त्याच दिवसांत ढिलं पडतं. आषाढात झड लागली की सूर्याचं तोंड दिसत नाही, वारा मात्र रात्रभर कौलं वाजवत असतो. त्यामुळे निसर्गनंतर पुतण्या डोंबिवलीहून पवनचक्कीचं खोकं घेऊन आला, तेव्हा त्याच्या डोक्यातला हिशेब सरळ होता. वारा आहे, तर वीज आहे.

खोक्यावर छापलं होतं १००० वॅट. मी टेप लावून पात्यांचा व्यास मोजला, तो भरला १.२ मीटर. कुठलीही चक्की घेण्याआधी प्रत्येकानं हेच करावं, कारण वॅटचा आकडा छापणाऱ्याच्या हातात असतो आणि व्यास त्याला लपवता येत नाही.

वाऱ्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते. पाती फिरताना केवढं वर्तुळ व्यापतात ही एक, आणि वाऱ्याचा वेग ही दुसरी. यातला वेग फार लबाड आहे. तो दुप्पट झाला तर ताकद आठपट होते, आणि निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो. त्यातही वाऱ्यात असलेली सगळी ताकद काढून घेता येत नाही. वारा पूर्ण अडवला तर मागच्याला पुढे सरकायला जागाच राहणार नाही. अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १९१९ च्या सुमाराला त्याची कमाल मर्यादा मांडली, ५९.३ टक्के. घरगुती यंत्रांनी २५-३० टक्के काढले तरी पुष्कळ. आता १.२ मीटरच्या पंख्यावर सेकंदाला १२ मीटरचा, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरचा वारा सतत आला असं धरलं, तरी बेट्झची मर्यादा ७०० वॅटच्या आसपास येते. हातात पडणार साडेतीनशे. खोक्यावरचे १००० वॅट कुठल्याही वाऱ्यात मिळणार नाहीत असं नाही. पण त्या वाऱ्यात पत्रे उडतील आणि चक्की बांधूनच ठेवावी लागेल.

बरं, मोठी घेतली तर? २ मीटर व्यासाची धरू. सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात ती साधारण ६० वॅट देईल. दिवसरात्र तसाच वारा राहिला तर दीड युनिटच्या आसपास. ३ मीटरच्या वाऱ्यात तीच चक्की १३ वॅटवर येते, चोवीस तासांत ०.३ युनिट. एक साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो. म्हणजे अंगणातला हा मोठा पंखा घरातला छोटा पंखा चार-साडेचार तास चालवणार, तेवढंच.

यावर लोक लगेच साताऱ्याचं उदाहरण देतात. "आंबेनळी चढून पलीकडे गेलं की चाळकेवाडीला केवढ्या चक्क्या आहेत!" आहेत ना. चाळकेवाडी, वनकुसवडे हा भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वरचं उघडं पठार आहे. झाड नाही, आडोसा नाही, अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीची भिंत चढून तिथे सुसाट निघतो. कोकणातल्या चक्क्यांचं म्हणाल तर देवगडकडे गिर्ये, जामसंडे बघा. तिथे समुद्राला लागून सडा आहे. आपलं महाड कसं आहे? खाडीची भरती जाणवावी इतकं सखल, आणि तिन्ही बाजूंनी डोंगर. उत्तरेला रायगडची रांग, पूर्वेला महाबळेश्वर-रायरेश्वराचा कडा, दक्षिणेला कशेडीची धार. जो वारा वर पठारावर चक्की फिरवतो, तोच आपल्या डोक्यावरून निघून जातो. पौष-माघात पोलादपूरच्या खोऱ्यात सकाळी धुकं कसं साचून राहतं ते आठवा. वारा असता तर ते राहिलं असतं का?

पुतण्याच्या हट्टाखातर नव्हे, मलाच उत्सुकता होती म्हणून मी वेग मोजायचं छोटं यंत्र बांबूला बांधून ठेवलं आणि वहीत नोंदी केल्या. दिवाळी ते शिमगा आमच्या वाडीत बहुतेक वेळ काटा सेकंदाला २ मीटरच्या खाली. चक्क्यांना फिरायला सुरुवात करायलाच अडीच-तीन लागतात. उन्हाळ्यात दुपारनंतर खारा वारा दासगावकडून वर सरकतो, तेव्हा पाती छान फिरायची, आणि येणारे-जाणारे कौतुकानं बघायचे. पाती फिरतात म्हणजे वीज येते अशी लोकांची समजूत असते. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जनरेटरचं व्होल्टेज वर जाईपर्यंत एक थेंबही चार्जिंग होत नाही. आमच्या वहिनी तर चक्कीला देवळातली घंटाच म्हणायच्या. नाद आहे, प्रसाद नाही.

पावसाळ्यात वारा होता, पण कसला? आमच्या घरामागे आंब्याची दोन जुनी झाडं आणि पुढे सागाची रांग. त्यांच्यावरून येणारा वारा गोल गोल फिरत, गचके देत येतो. शेपूट एकदा पश्चिमेला, लगेच दक्षिणेला, पाती गोंधळलेली. अशा वाऱ्यात वीज कमी आणि बेअरिंगची झीज जास्त. नियम असा आहे की शंभरेक मीटरच्या आत जे काही उंच असेल, झाड असो की घर, त्याच्याही वर निदान १० मीटर पंखा हवा. म्हणजे आमच्याकडे वीस-बावीस मीटरचा मनोरा लागेल. स्लॅबवर दहा फुटी पाईप लावून भागत नाही. स्लॅबवर लावल्याचा दुसरा त्रास रात्री कळतो. पाईपमधून घरघर खाली उतरते आणि अख्खी खोली गुणगुणते. आणि तिसरा धोका मी डोळ्यांनी पाहिला. भर पावसात एक पातं तुटून शेजाऱ्यांच्या परड्यात जाऊन पडलं. तिथे कुणी नव्हतं. विकणाऱ्याला फोन केला तर पातं "नैसर्गिक आपत्ती"त मोडलं, वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर मिळालं.

सगळ्यात वर्मी लागणारी गोष्ट ही. ज्या रात्री लाईट जाते, ती बहुतेक वादळाची रात्र असते. आणि वादळात छोटी चक्की ब्रेक लावून थांबवायची असते. म्हणजे जिच्यासाठी आणली, त्याच रात्री ती बंद. त्या रात्री दिवा लागतो तो आधी भरून ठेवलेल्या बॅटरीवर, आणि बॅटरी महावितरणच्या विजेवरही भरते.

खर्चाचं बोलू. लोक यंत्राची किंमत विचारतात, आणि यंत्र हा खर्चातला लहान भाग असतो. मनोऱ्याचे पाईप, चार बाजूंच्या ताणतारा, त्यांच्या टोकांना काँक्रीटचे ठोकळे, चार्ज कंट्रोलर, बॅटरी भरल्यावर जादा वीज जाळायला लागणारा हीटर, इन्व्हर्टर, अर्थिंग, जाड केबल. उतारावरच्या वाडीत सिमेंट-खडी डोक्यावरून न्यावी लागते, ती मजुरी वेगळी. मनोरा नीट उभा करायचा तर १ किलोवॅटचा मामला लाखाच्या बराच पुढे जातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पाचेक वर्षांत बदलायची. बेअरिंग, पाती, गंजलेल्या तारा दरवर्षी आगोटीच्या कामांत धरायच्या, आणि वानरांना त्या ताणतारा फार आवडतात हेही धरा. वळवाच्या विजांचं काय? डोंगरावरचा लोखंडी मनोरा वीज बोलावतोच, त्याला स्वतंत्र अर्थिंग नसेल तर घरातला टीव्ही-फ्रिजही जातो.

आणि वाचवायचं किती? वाडीतल्या घराचा वापर बहुधा महिन्याला शंभर युनिटच्या आत. महावितरणचा सर्वांत स्वस्त दर याच टप्प्याला आहे. चक्कीनं महिन्याला दहा-पंधरा युनिट दिली, तरी त्या बचतीतून बॅटरीचा खर्चसुद्धा निघत नाही.

त्याच पैशात सौर पॅनेल बसवलं तर १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी रोज चारेक युनिट पडते. पावसाळ्यात ती निम्म्यावर किंवा त्याखाली घसरते, तरी शून्य होत नाही. ढगाळ उजेडातही थोडं येतंच. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि ३ किलोवॅटला एकूण ७८ हजार अनुदान आहे. घरगुती पवनचक्कीला असं काही नाही. एक मात्र विकणारे सांगत नाहीत. नेट मीटरवरची साधी सौर यंत्रणा लाईन गेली की आपोआप बंद होते, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर मागा. बॅटरी कुठे ठेवायची तेही आधी ठरवा. महाड शहरात, नदीकाठी असाल तर तळमजल्यावर नकोच. २०२१ नंतर हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

मग चक्की कुणीच घेऊ नये? तसं नाही. कुडपणसारखं उंचावरचं गाव, धारेवरचं एकटं घर, समोर पश्चिमेला उघडं आणि जवळपास झाड नाही, अशा जागी विचार करावा. पण तोही सौरच्या जोडीला, दोन्ही एकाच बॅटरीवर. पावसाळ्यात सौर पडतं तेव्हा वारा उचलतो, हा पुतण्याचा हिशेब तिथे खरा ठरू शकतो. त्याआधी एक पूर्ण वर्ष वारा मोजा. निदान पौषात आणि श्रावणात मोजाच, नुसत्या श्रावणातल्या आकड्यावर कुणाला चेक देऊ नका. केंद्राच्या छोट्या पवनचक्क्यांच्या जुन्या योजनेत २० मीटर उंचीवर वर्षाची सरासरी ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला चारच्या वर, असावी अशी अट होती. तीच खूण धरा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत, पण ते मोठ्या चक्क्यांच्या उंचीचे. शंभर मीटरवरचा वारा तुमच्या आंब्याखाली येत नाही. विकणाऱ्याकडे वॅट मागू नका. सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात महिन्याला किती युनिट, ते लेटरहेडवर लिहून मागा. बहुतेक तिथेच गप्प होतात.

ज्यांनी आधीच बसवली आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. चक्की फिरत असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नका; भार सुटला की ती बेफाम होते आणि पाती सुटतात. आणि मृग लागायच्या आत ब्रेकचा स्विच तपासून घ्या. तो जनरेटरच्या तिन्ही वायरी एकत्र जोडून पंखा जड करतो. वादळाचा इशारा आला की वारा वाढायच्या आधी तो दाबायचा, कारण भर वेगात दाबला तर पंखा थांबेलच असं नाही आणि आतली कॉईल जळू शकते. पातं तुटल्यानंतर आम्ही आमची चक्की उतरवली. पुतण्यानं बॅटरी आणि इन्व्हर्टर ठेवले, त्यावर दोन पॅनेलं चढवली, आणि चक्कीच्या पाईपावर आता वहिनींची तोंडली चढली आहेत.