मोटर कंबरेला, दुखणं गुडघ्यात

माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजली आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे चालायला मदत करणारं बॅटरीवरचं यंत्र मुलाने घरी आणलं, तेव्हा मला फार आशा वाटली होती. आता नात्यातल्या, ओळखीतल्या बायका फोन करून विचारतात, ‘ताई, आम्हीही घेऊ का?’ त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. ही यंत्रं महाग आहेत, आणि गुडघ्याला न मानवणारं यंत्र दुखणं वाढवतं.

माझं यंत्र असं होतं: कंबरेला पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना लहान मोटरी आणि तिथून निघून मांड्यांना बांधायच्या दोन पट्ट्या. विक्रेत्याने ‘गुडघेदुखीवर रामबाण’ असं सांगितलं होतं. माझा एक्स-रे त्याने पाहिला नाही, झीज कुठल्या बाजूला आहे हेही विचारलं नाही. सपाट रस्त्यावर पाय खरोखर हलके पडायचे. जिना चढताना दम लागत नसे. मग मी रोज थोडं अधिक चालू लागले आणि संध्याकाळी गुडघे सुजू लागले. एकदा जिना उतरताना मी पाऊल सावकाश टाकत होते आणि मोटरीने मांडी पुढे ढकलली. कठडा हातात होता म्हणून पडले नाही, पण उजवा गुडघा मुरगळला आणि त्यात पाणी झालं. पुढे बरेच दिवस चालणं बंद होतं.

कारण समजलं ते फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर. त्या म्हणाल्या, “गाडी ओढायला आणखी एक बैल जुंपला तर गाडी पळेल, पण चाकावरचं ओझं तेवढंच राहील.” कंबरेची मोटर मांडी उचलते, म्हणून दम वाचतो. पाऊल टेकल्यावर शरीराचा भार मात्र गुडघ्यावरच येतो. पावलं वाढली की तो भार अधिक वेळा येतो.

हा भार किती असतो, याचं मोजमाप झालेलं आहे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया करून बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजणी करणारी यंत्रणा ठेवली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना ३.५ पट भार येतो. म्हणजे ६० किलो वजनाची बाई जिना उतरते तेव्हा गुडघ्यावर २०० किलोहून जास्त दाब पडतो. उतरणं आपल्याला जास्त जड जातं त्याचं हे एक कारण.

म्हणून पहिला प्रश्न विचारा: मोटर कुठे आहे? बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली दाखवल्या जातात. साधी नी कॅप ऊब आणि आधार देते, भार कमी करत नाही. बिजागरीचा ब्रेस झीज एका बाजूला असेल तर गुडघ्याला किंचित दुसऱ्या बाजूला रेटतो आणि दुखऱ्या बाजूचा दाब कमी करतो. त्याला बॅटरी लागत नाही. कंबरेच्या मोटरीचं यंत्र मुख्यतः चढण आणि ट्रेकिंगसाठी आहे. चौथा प्रकार खुद्द गुडघ्यावर बसतो. त्यात मोटर किंवा दाबाची हवा उठताना, चढताना आणि उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूचं काही काम स्वतःकडे घेते. स्नायू जोराने आवळला की सांध्यावरचा दाब वाढतो, म्हणून हा विचार बरोबर दिशेचा आहे. कॅलिफोर्नियातल्या रोम रोबोटिक्स या कंपनीने हवेवर चालणारा असा ब्रेस केला आहे. मात्र गुडघ्याच्या झिजेवर अशा ब्रेसचे अभ्यास आजवर थोड्या रुग्णांवर आणि थोड्या मुदतीचे झाले आहेत. झिजलेली कूर्चा यातलं कुठलंच यंत्र भरून आणत नाही.

मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओंत चाकाच्या खुर्चीतला माणूस यंत्र घालून उभा राहतो. ते पाहून हुरळून जाऊ नका. रीवॉकसारखी यंत्रं मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी आहेत. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने २०१४ मध्ये रीवॉकला परवानगी दिली ती त्यांच्याचसाठी. आपला आजार वेगळा आहे.

घेण्याआधी उभं राहून काढलेला एक्स-रे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि झीज कुठे, किती आहे ते समजून घ्या. भारतात एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. समोरची वस्तू वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेली आहे की खेळाचं साहित्य म्हणून विकली जाते, हे लेखी मागा. बॅटरी चढणीवर किती टिकते आणि ती संपली तर यंत्र ढिलं पडतं की अडकतं, हेही विचारा. परत घेण्याची अट आणि दुरुस्ती कुठे होते, ते बिलावर लिहून घ्या.

मग स्वतःच्या घरी वापरून पाहा. दुकानातली गुळगुळीत फरशी खरं सांगत नाही. आपला जिना, अंगणातला उतार, रिक्षात चढणं, कमोडवरून उठणं हे करून बघा, आणि जवळ कोणीतरी उभं असू द्या. साडीवर पट्टे नीट बसत नाहीत, पदर किंवा निऱ्या अडकू शकतात, म्हणून सलवार किंवा पँट घाला. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर पट्टा घासून झालेली जखम कळत नाही. यंत्र काढल्यावर रोज त्वचा पाहा. तोल जात असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही यंत्र बांधू नका. गुडघा सुजला, गरम झाला किंवा अडकायला लागला तर त्याच दिवशी थांबा.

मला आराम मिळाला तो साध्या गोष्टींनी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणं आणि पाय सरळ ठेवून उचलणं हे व्यायाम मी नेमाने करते. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरते. वजन उतरवते आहे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात, वजन एक किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं दिसलं होतं. आतल्या बाजूची झीज असल्याने डॉक्टरांनी बिजागरीचा ब्रेस दिला आहे. तो मी बाहेर जाताना लावते. कंबरेचं यंत्र कपाटात आहे.

गुडघ्यावर बसणाऱ्या मोटरीच्या ब्रेसचा काहींना खरंच उपयोग होईल. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांना तर तो मोठा आधार ठरू शकेल. पण यंत्र स्नायूला मदत करतं, स्नायू घडवत नाही. बायांनो, मुलं प्रेमाने विकत आणून देतील, त्यांना आधी आपल्याबरोबर डॉक्टरांकडे न्या. पैसे देण्याआधी व्यायाम सुरू करा, आणि मोटर नेमकी कुठल्या सांध्याला मदत करते हे कळेपर्यंत पाकीट उघडू नका.