सैल तारांचे सूर

(हवाई बेटांवर गिटार वाजवण्याची एक वेगळी पद्धत आहे. ती कशी जन्मली, ती नाहीशी होण्याची भीती का निर्माण झाली आणि मुलांपुढे ती कशी वाजवावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, गिटार तुम्ही पाहिली असेलच. तिला सहा तारा असतात. वाजवण्यापूर्वी वादक खुंट्या फिरवून तारा सुरात लावतो. तार ताणली की सूर चढतो आणि सैल केली की उतरतो. एवढ्या साध्या गोष्टीतून हवाईच्या लोकांनी एक सुंदर कला निर्माण केली.

हवाई बेटे पॅसिफिक महासागरात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. गिटार हे तेथील मूळ वाद्य नव्हे. मग ती तेथे कशी आली? गुरांमुळे! १७९३ साली व्हँकूवर नावाच्या इंग्रज कप्तानाने कामेहामेहा राजाला गुरे भेट दिली. राजाने ती मारण्यास बंदी केली. गुरे वाढली, रानटी झाली आणि लोकांची शेते तुडवू लागली. १८३० नंतरच्या काळात त्यांना आवरण्यासाठी मेक्सिकोकडून घोडेस्वार गुराखी बोलावण्यात आले. त्यांची भाषा स्पॅनिश, म्हणजे 'एस्पान्योल'. यावरून हवाईत गुराख्याला 'पानिओलो' म्हणू लागले. या पाहुण्यांबरोबर गिटारही आली.

हवाईच्या लोकांनी गिटार घेतली, पण ती आपल्या गाण्याला शोभेल अशी लावली. काही तारा त्यांनी सैल केल्या. म्हणून या पद्धतीला 'की होआलू', म्हणजे 'खुंटी सैल करा', असे नाव पडले. तारा लावण्याचे असे अनेक प्रकार आहेत. त्यांतील एकाचे नाव मोठे गमतीदार आहे: 'अळूचे खाचर'! हवाईत अळूचे कंद हे रोजचे अन्न. नावही तसेच घरगुती. या प्रकारात पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेका पूर्ण स्वराने उतरवतात. मग जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प, सा, प, सा, ग, प असे स्वर मिळतात. अंगठा जाड तारांवर सावकाश ठेका धरतो आणि बाकीची बोटे बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. वादक एकच असला तरी दोघे वाजवत आहेत असे वाटते.

ही कला घराघरांत वाढली. प्रत्येक घराण्याची तारा लावण्याची आपली रीत असे आणि ती गुपित म्हणून जपली जाई. कोणी परका आला तर वादक खुंट्या फिरवून तारा बिघडवून ठेवत, असेही सांगतात. पण गुपिताचा एक धोका असतो. ज्याला ते ठाऊक आहे तो गेला की तेही त्याच्याबरोबर जाते.

दुसरे संकट भाषेवर आले. १८९३ साली हवाईचे राज्य उलथवण्यात आले. १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. मुलांना शब्दच कळेनासे झाले, तर गाणी कोण गाणार?

तरीही काही माणसांनी हा दिवा विझू दिला नाही. गॅबी पाहिनुई या वादकाने १९४६ साली 'हिइलावे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. हिइलावे हे एका धबधब्याचे नाव आहे. पुढे १९७० च्या सुमारास हवाईचे तरुण आपल्या संगीताकडे पुन्हा वळले. केओला बीमर यांनी १९७३ साली ही पद्धत शिकवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. घराघरांतील गुपित आता कोणालाही वाचता येऊ लागले. त्यांच्या आई नोना बीमर यांनी सुमारे ४० वर्षे शाळेत मुलांना हवाईची गाणी, नृत्य आणि गोष्टी शिकवल्या. १९७८ साली हवाईची भाषा इंग्रजीबरोबर राज्यभाषा झाली आणि १९८७ पासून सरकारी शाळांत तिच्यातून शिक्षण सुरू झाले.

आता मुलांसमोर ही गिटार कशी वाजवावी ते पाहू. हिचा आवाज मृदू असतो. म्हणून मुलांना दूर रांगेत न बसवता जवळ, गोल बसवावे. आरंभी लांब भाषण करू नये. नेहमीप्रमाणे लावलेल्या सहाही तारा एकदा छेडाव्यात. मग मुलांच्या देखत तीन तारा सैल करून पुन्हा छेडाव्यात. फरक मुलांच्या कानांना आपोआप कळतो. नंतर तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून ती छेडावी. घंटीसारखा नाद निघतो आणि गडबड करणारी मुलेही कान टवकारतात. गाणी छोटी निवडावीत. गाण्यातील धबधबा किंवा घोडा कोणता, हे दोन वाक्यांत सांगावे. शेवटी गिटार मुलांच्या हाती द्यावी. एकही तार न दाबता मुलाने नुसता हात फिरवला, तरी गोड सूर निघतात. पहिल्याच प्रयत्नात सूर लागला की मुलाला वाटते, 'हे मलाही जमेल!'

मित्रांनो, जुन्या हिंदी चित्रपटगीतांत 'हवाईयन गिटार' ऐकू येते. तीही हवाईचीच देणगी, पण ती वेगळी. तिच्यात गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवतात.

तुमच्या घरातही एखादी कला असेल. आजीची लोरी, वडिलांची सुंदर लिपी किंवा आईची कशिदाकारी. ती कुलुपात ठेवू नका. आज शिकून घ्या आणि उद्या धाकट्यांना शिकवा.

शब्दार्थ
खुंटी – तार ताणण्याची कळ
गुराखी – चरवाहा
बंदी – मनाई
खाचर – पाणी साठवून पीक घेण्याचे शेत
गुपित – राज
मृदू – नर्म
ठेका धरणे – ताल देणे
कान टवकारणे – लक्ष देऊन ऐकू लागणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'की होआलू' या शब्दांचा अर्थ काय?
(आ) हवाईत गुराख्याला काय म्हणतात?
२. कारणे लिहा.
(अ) मेक्सिकोकडून गुराखी बोलावण्यात आले.
(आ) गिटार शेवटी मुलांच्या हाती द्यावी.
३. 'कान टवकारणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
४. उपक्रम : घरातील मोठ्या माणसाकडून एखादे जुने गाणे किंवा कला शिका आणि तिच्याविषयी मराठीत पाच वाक्ये लिहा.