मोटारीच्या चाकांना घरी रंग देताना

तिवसा, जि. अमरावती



मोटारीचे चाक दोन प्रकारचे असते. एक पोलादी, दाबलेल्या पत्र्याचे दोन भाग वेल्डिंगने जोडलेले. दुसरे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, ज्याला सगळे अलॉय म्हणतात. नवशिक्याने पोलादी चाकापासून सुरुवात करावी. त्यावर प्लास्टिकची कॅप बसते, त्यामुळे पहिला हात जरा बिघडला तरी झाकला जातो. आणि रंगाची खरी गरजही त्यालाच असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो एका टवक्यात सुरू झाला की शेजारचा चांगला रंग खालून उचलत पुढे सरकतो. वेल्डिंगची शिवण आणि व्हॉल्व्हचे भोक ही त्याची आवडती ठिकाणे.

तिवसा तालुक्यातल्या गाडीच्या वाट्याला दोन प्रकारचे रस्ते येतात. नागपूर-अमरावती हा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे पूर्वीचा ६, गावातून जातो. तिथे वेगात उडालेली बारीक गिट्टी रंगाचे टवके काढते. मग गाडी शेताकडच्या पांदणीत उतरते आणि काळी कपाशीची माती त्या टवक्यांवर बसते. ही माती पाणी धरून ठेवते, रिमच्या आतल्या बाजूला लिंपली की वरून वाळलेली दिसते पण धातूला लागून ओल राहते. डिकीतून खताची पोती नेली जात असतील तर आणखी भर: पोटॅश हे क्लोराइडयुक्त मीठ आहे आणि मीठ गंजाला वेग देते. म्हणून पावसाळा संपल्यावर चाक काढून आतून धुणे हे रंगापेक्षाही मोलाचे काम आहे. महामार्गावर स्टेअरिंग थरथरते ते पुष्कळदा या एका बाजूला चिकटलेल्या मातीच्या वजनाने.

रंगवण्याआधी चाक धुऊन, पुसून, उन्हात धरून पाहावे. कडा वाकलेली असेल, वेल्डजवळ किंवा नटच्या भोकाजवळ केसासारखी रेघ दिसत असेल, तर ते चाक रंगवू नये. रंग तडा झाकतो, बुजवत नाही. आणि झाकलेला तडा पुढच्या तपासणाऱ्याला दिसत नाही. असे चाक बदलावे.

चाक कुठे रंगवावे यापेक्षा कुठे रंगवू नये हे आधी शिकावे. चार जागा कोऱ्या ठेवायच्या असतात. पहिली, चाकाची पाठ जिथे हबला टेकते ती सपाट बाजू. दुसरी, नट बसतात त्या तिरप्या खोबण्या. तिसरी, टायरची कड रिमवर बसते ती जागा. चौथी, व्हॉल्व्हच्या भोकाची कड. शेवटच्या दोन ठिकाणी जाड थर आला तर हवा हळूहळू गळते, एवढेच. पहिल्या दोन ठिकाणी जिवाचा प्रश्न आहे. चाक नटांवर लटकलेले नसते. नट आवळले की ते हबवर दाबले जाते, आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होते ते चाक धरून ठेवते. मध्ये रंगाचा मऊ थर असेल तर तो उष्णतेने आणि दाबाने दबत जातो, ताण उतरतो आणि नट सैल होतात. बाहेरून सारे ठीक दिसत असताना हे घडते. म्हणून या दोन जागांवर आधी मास्किंग टेप चिकटवावी, नट-खोबण्यांत कागदाचे बोळे घट्ट बसवावेत, आणि शेवटी तिथे चुकून उडालेला रंग घासून काढावा. कारखान्यातला मूळ पातळ थर मात्र खरवडून काढायचा नाही. त्यावर भर घालायची नाही, इतकेच.

चाक काढताना गाडी काँक्रीटवर किंवा टणक फरशीवर असावी. काळ्या जमिनीत जॅक रुततो आणि कलंडतो. दुसरा इलाज नसेल तर खाली जाड रुंद फळी हवीच. हँडब्रेक सहसा मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचलताना पुढच्या चाकांना दगड लावावेत. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. एका वेळी एकच चाक काढून तिथे स्टेपनी बसवावी, म्हणजे गाडी जॅकवर तासन्‌तास उभी राहत नाही. जॅकवरच्या गाडीखाली कोणी हात किंवा डोके घालू नये, हे सांगण्याची गरज वाटते, कारण घाईत शहाणी माणसेही विसरतात.

ब्रेकची काळी पूड कोरडी झाडू नये आणि हवेने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने ती काढावी. अलॉयला कॉस्टिक सोडा कधीच लावू नये, तो ॲल्युमिनियम खातो. जुना रंग काढायला अलॉयवर ज्योतही फिरवू नये, कारण त्याची ताकद उष्णतेच्या नेमक्या प्रक्रियेतून आलेली असते आणि जास्त तापवल्याने ती कमी होते.

यानंतर घासणे. या कामाचा तीन चतुर्थांश वेळ घासण्यात जातो आणि जायला हवा. गंजावर ८० किंवा १२० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकता धातू दिसेपर्यंत. टवक्याच्या कडा २२० आणि ३२० ने अशा उतरत्या कराव्यात की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो उपटण्याची गरज नाही. ४०० च्या पाणी पेपरने चमक मारली की पुरे. शेवटी थिनरने पुसून घ्यावे आणि नंतर उघड्या हाताने शिवू नये.

टायर काढणे आवश्यक नाही. हवा थोडी कमी करून रिम आणि टायर यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचत जाव्यात, एकीवर एक चढवत. टेपपेक्षा कड स्वच्छ येते. बॅलन्सिंगची वजने शक्यतो हलवू नयेत. पडलीच तर चाक पुन्हा बॅलन्स करून घ्यावे.

प्रायमर आणि रंग एकाच जातीचे घ्यावेत. घराच्या फाटकाचा उरलेला रेड ऑक्साइड वापरण्याचा मोह टाळावा: त्यावर स्प्रे कॅनचा लॅकर मारला तर त्यातले तीव्र थिनर खालचा थर उचलते आणि रंगाला सुरकुत्या पडतात. उघड्या ॲल्युमिनियमला त्याच्यासाठीचा एचिंग प्रायमर लागतो. कॅन आतली गोळी वाजू लागल्यावर दोन मिनिटे हलवावा, साधारण २०–२५ सें.मी. अंतर ठेवावे, हात चाकाच्या बाहेरून सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिला थर इतका पातळ असावा की खालचे दिसत राहील. दोन थरांत १०–१५ मिनिटे. ओघळ येतात ते घाईमुळे, आणि तीन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमीच जास्त टिकतात.

ऋतू निवडणे आपल्या हातात आहे. मे महिन्यात इथे पारा ४४–४५ अंशांवर जातो; तेव्हा रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतात आणि हाताला वाळूसारखे लागते. कॅनही अशा उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणे धोक्याचे, ५० अंशांवर तो फुटू शकतो. पावसाळ्यात उलटे होते: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि चमक पांढुरकी पडते. दिवाळीनंतर, सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेतून बसल्यावर, माघापर्यंतचा काळ चांगला. दव पूर्ण उडाल्यावर, सावलीत, साधारण दहानंतर सुरुवात करावी.

जागा उघडी हवी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोचू शकते. सेंद्रिय वाफेचा मास्क वापरावा; तोंडाला बांधलेला दुपट्टा वाफ अडवत नाही. हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा क्लिअर कोट घरी मारूच नये. त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा दमा लावू शकते. तो प्रशिक्षित पेंटरच्या बूथसाठी आहे, घरी एका घटकाचा कॅन पुरतो.

रंग वरून तासाभरात सुकतो, आतून पक्का व्हायला आठवडा लागतो. तोवर प्रेशरचे पाणी मारू नये. चाक परत बसवताना हबची बाजू तारेच्या ब्रशने साफ करावी, नट हाताने फिरवून मग समोरासमोर आवळावेत. लहान मोटारींना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर ताण असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. पान्यावर पाय देऊन उभे राहू नये, त्याने स्टड ताणले जातात. टायरची कमी केलेली हवा भरून घ्यावी, आणि ५० ते ८० किलोमीटर चालवल्यावर, चाके थंड असताना, टॉर्क पान्याने प्रत्येक नट पुन्हा तपासावा.

— मामा